आठवा मुलगा आणि परमेश्वराचं पाहणं

आजचा शास्त्रभाग : १ शमुवेल १६:१-१३ (सोबत १७:१२-३७ जरूर वाचा)



शमुवेलाचं पहिलं पुस्तक वाचता वाचता आपण आज सोळाव्या अध्यायाशी आलो. संडे स्कूलला गेलेल्या कोणालाही हा अध्याय तोंडपाठ असतो. इशायचे मुलगे रांगेने येतात, एकेक नापसंत होतो, आणि शेवटी मेंढरांमागून धाकट्याला बोलावून आणतात. सातव्या वचनावर तर इतके उपदेश झालेत की ते नुसतं सुरू झालं तरी आपण मनातल्या मनात आमेन म्हणून पुढे सरकतो.

या वेळी मात्र मी एका प्रश्नापाशी थांबलो. परमेश्वर हृदय पाहतो, ठीक. पण दावीदाच्या हृदयात त्याने पाहिलं काय? अध्याय पुन्हा वाचून बघा. उत्तर दिलेलंच नाही. दावीद नम्र होता, प्रार्थनाशील होता, आईवडिलांच्या आज्ञेत होता, असं तिथे काहीही लिहिलेलं नाही. उलट या सबंध अध्यायात दावीद तोंडातून एक शब्दसुद्धा काढत नाही. उपदेशात त्याच्या हृदयाचं जे वर्णन ऐकू येतं, ते बरंचसं आपणच भरलेलं असतं. मग शास्त्र स्वतः काय दाखवतं?

आधी शमुवेलाची अवस्था पाहू. तो शौलासाठी शोक करतोय. ज्याच्या डोक्यावर त्याने स्वतः तेल ओतलं, त्याला परमेश्वराने नाकारलं आणि म्हाताऱ्या संदेष्ट्याच्या मनातून ते जात नाही. परमेश्वर त्याला म्हणतो की किती दिवस रडत बसशील, शिंगात तेल भर आणि नीघ. शमुवेल घाबरतो. शौलाला कळलं तर तो जीव घेईल. ही भीती उगाच नव्हती. रामा यरुशलेमच्या उत्तरेला, बेथलेहेम दक्षिणेला, आणि शौलाचं गिबा साधारण त्याच वाटेवर. एका राजाच्या दारावरून जाऊन दुसऱ्याचा अभिषेक करायचा होता! म्हणून सोबत कालवड आणि यज्ञाचं निमित्त. बेथलेहेमात पोचल्यावर तिथले वडीलजनही त्याला पाहून कापतात. म्हणजे त्या दिवशी तिथला जवळजवळ प्रत्येक माणूस भेदरलेला आहे. आणि भेदरलेल्या माणसाला काहीतरी भक्कम, खात्रीचं दिसणारं हवं असतं. तेवढ्यात अलीयाब समोर येतो. थोरला, उंच, रुबाबदार. शमुवेलाला वाटतं, हाच तो.

मला हिब्रू येत नाही. पण मोबाईलवरच्या बायबल अ‍ॅपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की मूळ शब्द दिसतो, आणि या अध्यायात एक क्रियापद सारखं सारखं येतं : ‘राआ’, म्हणजे पाहणे. पहिल्याच वचनात परमेश्वर शमुवेलाला सांगतो की इशायच्या मुलांमध्ये मी माझ्यासाठी एक राजा पाहून ठेवलाय. (आपल्याकडे लग्नासाठी मुलगी ‘पाहून ठेवतात’ ना, अगदी तसं.) सहाव्या वचनात शमुवेल अलीयाबाला पाहतो. सातव्यात परमेश्वर त्याचं पाहणंच थांबवतो. गंमत म्हणजे नवव्या अध्यायात, शौलाची पहिली भेट झाली तेव्हा, शमुवेलाने स्वतःची ओळख ‘द्रष्टा’ अशी करून दिली होती, आणि मूळ भाषेत तो शब्द याच ‘राआ’पासून येतो. पाहणं हेच ज्याचं काम, त्यालाच इथे दिसेना.

अलीयाबाला नापसंत केल्याचं परमेश्वर सांगतो, तेव्हा वापरलेलं क्रियापदही तेच आहे जे पहिल्या वचनात शौलाबद्दल वापरलंय. आणि उंचीचा उल्लेख मुद्दाम आहे. शौल सगळ्या लोकांपेक्षा खांद्यापासून वर दिसायचा (१०:२३), आणि लोकांना असा राजा कुठे सापडणार नाही, असं सांगणारा शमुवेलच होता (१०:२४). आता त्याच मापाचा दुसरा समोर आला आणि हात पुन्हा शिंगाकडे गेला. ज्याच्यासाठी रडत होता, तसाच दुसरा तो निवडायला निघाला होता.

अजून एक. हे पुस्तक सुरूच अशा चुकीच्या पाहण्याने होतं. शिलोत हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ तेवढे हलत होते. एली याजकाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं की बाई दारू प्यायली आहे (१:१३). डोळ्यांना ओठ दिसले, हृदय दिसलं नाही. आणि ही हन्ना कोण? शमुवेलाची आई. ज्याच्या जन्माच्या गोष्टीतच हा धडा आहे, त्यालासुद्धा म्हातारपणी तो पुन्हा शिकावा लागला. मला यात दिलासाही वाटतो आणि थोडी धास्तीही.

मग अबीनादाब, शम्मा, असे सात जण पुढून जातात. सातही नाही. शमुवेल विचारतो, एवढेच का मुलगे? तेव्हा इशाय सांगतो की धाकटा राहिलाय, तो मेंढरं राखतोय. (१ इतिहास २:१५ मध्ये दावीद सातवा मोजलाय आणि इथे आठवा. त्यावर वेगवेगळी स्पष्टीकरणं दिली जातात, आज त्यात शिरत नाही.) ‘धाकटा’साठी जो हिब्रू शब्द आहे त्याचा अर्थ लहान, क्षुल्लक असाही होतो.

इथे एक गोष्ट नीट बघा. दावीदाला कोणी नापास केलं नव्हतं. आमच्या क्षेत्रात नोकरीसाठी शेकडो रेझ्युमे येतात, ते आधी फिल्टरमधून जातात. फिल्टरमध्ये टाकलेले शब्द ज्याच्या रेझ्युमेत नाहीत, त्याला ‘नाही’ असं कोणी म्हणत नाही. तो समोर येतच नाही. इशायच्या घरी हेच झालं. संदेष्टा गावात आला, इशायला आणि त्याच्या मुलांना शुद्ध होऊन यज्ञाला यायला सांगितलं, आणि सख्ख्या बापाला आठव्याला बोलवावं असं सुचलंदेखील नाही. नाकारलं गेलं तर निदान भांडता तरी येतं, पण कोणाच्या ध्यानातच नसलेल्या माणसाने कोणाशी भांडायचं? हे वाचणाऱ्यांपैकी काही जण घरात, मंडळीत, ऑफिसात नेमके याच जागी उभे आहेत, मला माहीत आहे.

शमुवेल म्हणतो की तो आल्याशिवाय आपण जेवायला बसायचं नाही. सगळे ताटकळले. गावचे वडीलजन, सात उंचपुरे भाऊ, बाप, संदेष्टा, सगळे त्या एकाची वाट पाहतायत ज्याला आमंत्रणच नव्हतं.

इशायकडून हे व्हावं याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. कारण त्याची आजी होती रूथ. बवाज आणि रूथ यांचा मुलगा ओबेद, ओबेदाचा इशाय, इशायचा दावीद. रूथच्या पुस्तकात तिच्या नावाला ‘मवाबी’ हे शेपूट पुन्हा पुन्हा जोडलेलं आहे. अनुवाद २३:३ प्रमाणे मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता, दहाव्या पिढीपर्यंत. दावीद तिच्यापासून तिसऱ्या पिढीत. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न जर शमुवेलाने काटेकोरपणे विचारला असता, तर इशायच्या घरापर्यंत तो पोचलाच नसता.

आणि हा प्रश्न आपल्या मंडळ्यांमध्ये अजून विचारला जातो. स्थळ आलं की आधी शिक्षण, नोकरी, उंची, रंग, मग जरा आवाज खाली आणून, “पण मूळचे कुठले?” त्या प्रश्नाचा अर्थ गाव नसतो, हे विचारणाऱ्यालाही कळतं आणि ज्याला विचारलं त्यालाही. दर रविवारी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं सोमवारी हे विचारतात. मंडळीच्या कमिटीत कोणाला घ्यायचं हे ठरवतानाही जुनं घराणं कोणतं, दान किती, इंग्रजी कसं, हे बघितलं जातं. सातवं वचन भिंतीवर कॅलेंडरात लटकत असतं आणि त्याच्याखाली बसून आपण अलीयाब निवडतो.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. कारण इथे एक उलटी चूकही होते. ‘देव दुर्लक्षितांना निवडतो’ असं म्हणत म्हणत आपण दुर्लक्षित असणं हीच पात्रता करून टाकतो. मी लहान आहे, गरीब आहे, मला कोणी विचारत नाही, म्हणजे देवाची निवड माझ्यावरच. शास्त्र असं म्हणत नाही. शौलसुद्धा लहानच होता! आपलं कूळ बन्यामिनातल्या कुळांत सगळ्यात लहान आहे, असं तो शमुवेलाला सांगतो (९:२१). बापाची हरवलेली गाढवं शोधत फिरणारा मुलगा होता तो. राजा म्हणून नाव निघालं तेव्हा सामानात लपून बसला होता (१०:२२). पुढे त्याला आठवण करून दिली जाते की तू स्वतःच्या नजरेत लहान होतास तेव्हा तुला निवडलं (१५:१७). म्हणजे सुरुवात दोघांची सारखीच. आणि दिसण्याचं म्हणाल तर दावीदही कुरूप नव्हता. बारावं वचन त्याचा तांबूस वर्ण, सुंदर डोळे आणि देखणेपण आवर्जून सांगतं. देवाने कुरूप बघून घेतला असं नाही, तसा देखणा म्हणून टाळलाही नाही. ते मापच त्याने वापरलं नाही.

मग फरक कुठे? ‘हृदय’ या शब्दापाशी जरा थांबू. हिब्रू ‘लेवाव’ म्हणजे नुसत्या भावना नाहीत. विचार करणं, ठरवणं, इच्छा धरणं, हे सगळं तिथेच चालतं. आपण ‘मनात आणलं तर करेल’ किंवा ‘मनावर घेतलं’ म्हणतो, त्यातल्या ‘मना’च्या ते जास्त जवळ आहे. म्हणून दावीद परमेश्वराच्या ‘मनासारखा’ (१३:१४) या शब्दात मला ‘फार प्रेमळ’ किंवा ‘फार पवित्र’ असं काही दिसत नाही. त्याचं मन कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हा प्रश्न आहे.

त्याचे पहिले शब्द सतराव्या अध्यायात, छाव्वीसाव्या वचनात येतात. तिन्ही थोरले भाऊ लढाईवर, आणि हा त्यांच्यासाठी हुरडा, भाकरी आणि सरदारासाठी पनीर घेऊन गेलेला. सरळ सांगायचं तर डबा पोचवायला. अभिषेक झालेला राजा डबा पोचवतोय! तिथे गल्याथाची बडबड ऐकून तो पहिला प्रश्न काय विचारतो? या माणसाला मारणाऱ्याला काय मिळणार? मग त्याच दमात, जिवंत देवाच्या सैन्याला हिणवणारा हा कोण? बक्षीस आणि देवाचा सन्मान, दोन्ही एकाच प्रश्नात. मला हे वाचून बरं वाटलं. दावीदाचं हृदय गाळून घेतलेलं पाणी नव्हतं. तुमच्याआमच्यासारखीच त्यात सरमिसळ होती.

लगेच अलीयाब भडकतो. तो म्हणतो की तुझा गर्व आणि तुझ्या हृदयातला दुष्टपणा मला ठाऊक आहे, तू लढाई पाहायला आलास. ऐकलंत? ‘हृदय’ आणि ‘पाहणे’, सोळाव्या अध्यायातले तेच दोन मूळ शब्द आता अलीयाबाच्या तोंडी. जे फक्त परमेश्वराला दिसतं ते आपल्याला दिसतं असा त्याचा दावा आहे. तो आणखी विचारतो की ती चार मेंढरं रानात कोणावर टाकून आलास? याचं उत्तर लेखकाने आठ वचनं आधीच देऊन ठेवलंय. पहाटे निघताना दावीदाने मेंढरं राखणाऱ्याच्या स्वाधीन केली होती (१७:२०). लढाईच्या रांगेकडे धावतानाही हातातलं सामान आधी राखणदाराकडे सोपवलं (१७:२२). कोणी बघत नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं, तरी केलं. मग शौलासमोर उभं राहून तो सिंहाची आणि अस्वलाची गोष्ट सांगतो. त्या झटापटी कोणी पाहिल्या होत्या? एक कोकरू गेलं असतं तर इशायला कदाचित कळलंही नसतं. दावीद मात्र सांगतो की तिथून मला परमेश्वराने सोडवलं. रानात एकटा असतानासुद्धा तो स्वतःला एकटा धरत नव्हता.

शौलाचं नेमकं याच्या उलट. अमालेक्यांवरच्या मोहिमेत चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली, मग कर्मेलात स्वतःचं स्मारक उभारलं (१५:१२). पकडला गेल्यावर कबूल करतो की मी लोकांना भ्यालो. ‘मी पाप केलं’ असंही म्हणतो, आणि त्याला लागूनच विनंती करतो की निदान वडीलजनांसमोर माझा मान राख (१५:३०). त्याचं पाप लोकांच्या नजरेसाठी, आणि कबुलीही लोकांच्या नजरेसाठीच.

दावीदाच्या पापाची शौलाशी तुलना केली तर, खरं सांगायचं, माणसांच्या हिशोबात दावीदच जास्त काळा दिसतो. बथशेबा, मग उरीया. उरीयाच्या मृत्यूचं पत्र उरीयाच्याच हाती दिलं (२ शमुवेल ११:१४). मूल जन्मेपर्यंत तो गप्प राहिला. ‘दावीदाचं हृदय शुद्ध होतं म्हणून देवाने निवडलं’ असं ज्यांना सांगायचं असतं, त्यांनी हा अध्याय कुठे ठेवायचा? पण नाथान समोर येऊन बोट दाखवतो, तेव्हा दावीद म्हणतो की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं. हिब्रूत क्रियापद तेच, शौलाने वापरलेलं. पुढे अट नाही, मानाची मागणी नाही, लोकांची सबब नाही. शिक्षाही टळली नाही, मूल गेलं, घरातून तलवार हटली नाही. तरी पडल्यावर तो ज्या बाजूला तोंड करून पडला, ती बाजू परमेश्वराची होती.

मला वाटतं, बेथलेहेमात त्या दिवशी परमेश्वराने हे पाहिलं असावं. अजून न घडलेलं सगळं धरून, बथशेबा आणि उरीयासकट. त्याला पुढे काही नवीन कळलं आणि धक्का बसला असं नाही. तेल ओतलं तेव्हाच त्याला ठाऊक होतं. आणि आत्मा दावीदावर आला तो तेलानंतर (१६:१३), आधी नाही. आधी तयार झाला म्हणून निवडला, असा क्रम तिथे नाही.

आता धास्तीचं. परमेश्वर हृदय पाहतो हे वचन आपण दुर्लक्षित माणसाच्या समाधानासाठी वापरतो, पण जरा स्वतःकडे वळवून बघा. बाहेरचं सगळं नीट दिसत असताना आतलं पाहिलं जाणं, यात घाम फुटण्यासारखंही काही आहे. यिर्मया १७:९ तर सांगतो की हृदय सगळ्यात कपटी आहे, म्हणजे माझं हृदय मलाही धड दिसत नाही. ‘माझं मन साफ आहे’ हे आपण भांडणात फार पटकन म्हणतो. अलीयाबाला दावीदाचं मन ठाऊक होतं म्हणे, तसंच आपल्याला आपलं. दावीदाचं नाव शीर्षकात असलेल्या १३९ व्या स्तोत्राचा शेवट वाचा. तिथे तो मन साफ असल्याचा दावा करत नाही, देवालाच तपासायला बोलावतो.

आणि जे अजून शेतावरच आहेत त्यांच्यासाठी एक. अभिषेक झाल्यावर दावीदाचं काय झालं? शमुवेल रामाला निघून गेला. दावीद परत मेंढरांकडे. शौल पुढे त्याला बोलावणं पाठवतो तेव्हाही तो मेंढरांमागेच आहे (१६:१९). राजा झाला तेव्हा तो ३० वर्षांचा होता, आणि तेही आधी फक्त हेब्रोनात, साडेसात वर्षं (२ शमुवेल ५:४-५). मधल्या काळात भाले, गुहा, पळापळ. केसांवरचं तेल कधीच वाळून गेलं असेल. घरच्यांची वागणूकही बदलली नाही, हे अलीयाबाने दाखवलंच. तेव्हा कोणी तुम्हाला सांगितलं असेल की देवाने निवडलं की लगेच दार उघडतं, तर त्यांना हा हिशोब दाखवा.

आज जमलं तर एवढं करा. तुमच्या हातात कोणाची निवड असेल, मग ती नोकरीची असो, स्थळाची असो, मंडळीतल्या सेवेची असो, तर यादी पूर्ण करण्याआधी शमुवेलाचा तो एक प्रश्न विचारा : एवढेच का? मग नाव येईपर्यंत जेवायला बसू नका.

प्रार्थना : हे देवबापा, तू हन्नेचं ऐकलंस, रूथला घर दिलंस, आणि रानातल्या मुलाला तू पाहून ठेवलं होतंस. माझं मन मला कळत नाही, तुला कळतं. त्यात जे लोकांच्या नजरेसाठी ठेवलंय ते मला दाखव. आज ज्यांना कोणी बोलावलं नाही त्यांच्याजवळ राहा, आणि त्यांना बोलवायला मला पाठवायचं असेल तर मला उठव. प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्या : १ शमुवेल १६:१४-२३.